दहा पावलं आणि पंचमीची भरती

माझा नवरा माझ्यापुढे दहा पावलं चालायचा. अंदाजाने सांगत नाही, मोजलेली आहेत. अनसिंगच्या मोटार स्टँडपासून घरापर्यंत डोक्यावर पदर, मान खाली आणि समोर त्याच्या वहाणा. मोजणार नाही तर काय करणार? डाव्या वहाणेची टाच बाहेरच्या अंगाने झिजलेली होती. लग्नाला तीन वर्षं झाली तरी मला त्याच्या तोंडापेक्षा ती टाचच जास्त ओळखीची होती.

तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायची, मनात अरे-तुरे. इथे मनातलंच लिहिते आहे.

कोणी म्हणेल, म्हातारे, इतक्या जुन्या गोष्टीचा राग कशाला धरतेस. धरते. माझा राग आहे, मी वाटेल तितकी वर्षं धरीन. आणि त्यातला निम्मा माझ्या स्वतःवर आहे, त्या वीस वर्षांच्या शहाणीवर. तिची तर मी अजून मनातल्या मनात रोज एकदा कानउघाडणी करते.

आमचं घर अकरा माणसांचं. दिवसाउजेडी नवऱ्याशी बोलणं म्हणजे निर्लज्जपणा. त्याला पाणी हवं असलं की तो सासूबाईंना सांगायचा, सासूबाई मला सांगायच्या, मी तांब्या त्यांच्या हाती द्यायची आणि त्या त्याला द्यायच्या. तो पाच हातांवर भिंतीला टेकून बसलेला असायचा. या फेऱ्यात कोणाची तहान भागायची कोण जाणे, माझं डोकं मात्र तापायचं. तापलं की पदर आणखी दोन बोटं पुढे ओढायचा, हेच माझं बंड.

तो शाळेत भूगोल शिकवायचा. चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूभागाला बेट म्हणतात, हे त्याने सात वर्षं पोरांकडून घोकून घेतलं होतं. बेट राहू द्या, त्याने स्वतः पैनगंगेपेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं. आणि ती पैनगंगाही आमच्याकडे उन्हाळ्यात पोरं चालत ओलांडतात.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन दिवाळ्या झाल्या होत्या. मी दिवाळीला माहेरी मेडशीला होते. भाऊबीज झाली तशी हा मला न्यायला आला. मी विहिरीवर पाणी शेंदत होते, तिथे येऊन उभा राहिला. आजूबाजूला कोणी नाही असं दोनदा बघून म्हणाला, आपण घरी जायचं नाही, समुद्राकडे जायचं. सुट्टी शिल्लक आहे. तीन बेटं बघायची: अलिबागचा किल्ला, मुरुडचा जंजिरा आणि येताना घारापुरी. त्याने आपल्या वडिलांना सांगितलं होतं, भूगोल शिकवायचा तर समुद्र एकदा बघायला हवा. आईला सांगितलं होतं, अलिबागच्या पाण्यातल्या किल्ल्यात गणपती आहे, त्याचं दर्शन घ्यायचं. दोघांना दोन कारणं देऊन झाली होती.

मला त्याने तिसरं दिलं.

"तिथं आपल्याले कोनी वयखत नाई," तो म्हणाला. "सोबत चालू. बोलू."

माझ्या हातातला दोर सुटला आणि बादली विहिरीत गेली. ती काढायला गळ टाकावा लागला, त्यात अर्धा तास गेला, आणि माझी आई मला म्हणाली की नवरा आला की हिचे हात वितळतात. वितळले होतेच. ती मूर्ख पोर सबंध दिवस दशम्या थापत होती आणि तीन वर्षांत बोलायचं राहिलेलं सगळं मनात रांगेने लावत होती.

चार दिवस पुरतील अशा दशम्या, ठेचा, तिळाची चटणी, फिरकीच्या झाकणाचा तांब्या. हॉटेलात जेवायचं नाही आणि राहायचं धर्मशाळेत, असं ठरलेलं. सगळं एका कापडी पिशवीत बसलं. पिशवी कोणाच्या हाती आली हे सांगायला नको. मागे चालणाऱ्याने ओझं धरायचं, असंच होतं ते. त्याच्या हातात छत्री होती. नोव्हेंबर महिना, आभाळात ढगाचा कापूस नाही, आणि मास्तर छत्री घेऊन निघाले.

मेडशीहून एसटीने अकोल्याला आलो. मी मनात म्हटलं, इथे तर आपले लोक असतीलच, इथे राहू दे. तो पुढे, मी मागे. रेल्वेत त्याने मला बायकांच्या डब्यात बसवलं. मी म्हटलं, राहू दे. सकाळी मुंबईला उतरलो, तिथे माणसांची इतकी दाटी की आमच्यामध्ये वीस अनोळखी माणसं यायची आणि मी त्याच्या छत्रीवर डोळा ठेवून धावायची. म्हटलं, इथे कसा सोबत चालेल. भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच धरली. हा वर जाऊन वाऱ्याला बसला. मी खाली, मासळीच्या रिकाम्या टोपल्यांच्या बाजूला, दोन बकऱ्यांच्या समोर. पहिल्यांदा समुद्र पाहिला तो दोन बकऱ्यांच्या शिंगांमधून. त्यानंतर जे पोटातून वर आलं त्याचं वर्णन करत नाही. तेव्हाही ती भली बाई स्वतःला म्हणते, राहू दे, अलिबाग आलं की बघू.

अलिबाग आलं. धर्मशाळेत पिशवी ठेवली, संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. एवढी मोठी मोकळी वाळू, चाळीस बैलगाड्या आडव्या लावल्या तरी जागा उरेल. ओळखीचं चिटपाखरू नाही. एक मासळी वाळत घालणारी कोळीण तेवढी लांब बसलेली.

आणि तो पुढे निघाला. दहा पावलं.

मी वाळूत त्याच्या वहाणांचे ठसे बघत चालले. डावी टाच बाहेरून झिजलेली, वाळूत ती अगदी छापल्यासारखी उठत होती. मला इतका राग आला की मी प्रत्येक ठशावर पाय आपटून तो मोडत गेले. त्या संध्याकाळी मी अख्ख्या किनाऱ्यावरचे त्याचे ठसे मोडले. त्याला कळलं नाही. कसं कळणार, मागे कोण बघतं.

पंचमीच्या सकाळी आम्ही परत किनाऱ्यावर आलो तर समुद्र जागेवर नव्हता. काल संध्याकाळी जिथे लाटा होत्या तिथे ओली वाळू, खडक आणि डबकी, थेट त्या किल्ल्याच्या दरवाजापर्यंत. बायका खडकांवरून कालवं फोडून टोपल्यांत टाकत होत्या. मी म्हटलं, अजी, पाणी कुठे गेलं? ते परत आलं तर?

आता ऐका मास्तरांचं ज्ञान. पुस्तकात काय असतं? चंद्रामुळे भरती येते, आणि अमावस्या-पौर्णिमेला सर्वांत मोठी येते. सात वर्षं हा धडा शिकवून याच्या डोक्यात एवढंच उरलं होतं की भरती अमावस्या-पौर्णिमेलाच येते. आमच्याकडे पाणी येतं ते पावसाने, पुराने. वर ढग दिसले की नाल्यापासून दूर व्हायचं. दिवसातून दोनदा, ढग नाही काही नाही, उगाच येणारं-जाणारं पाणी असतं, हे आमच्या बापजाद्यांनी ऐकलं नव्हतं. नवऱ्याने छत्री उघडून डोक्यावर धरली आणि म्हणाला:

"आज पंचमी आहे. भरती कायची येते? भरतीले अजून दहा दिवस आहेत."

आणि चालू लागला. पुढे.

मीही चार पावलं गेले. मग काय झालं कोण जाणे, हातातली पिशवी वाळूत ठेवली आणि थांबले. मनात म्हटलं, बघू दे मला, हा मागे वळून कधी बघतो ते. दहाची वीस झाली, वीसची पन्नास झाली. तो वळला नाही. उलट त्याचा हात हलताना दिसत होता, छत्रीने इकडे दाखव, तिकडे दाखव. तो मला किल्ल्याची माहिती सांगत होता. पुढे तोंड करून, मागे नसलेल्या बायकोला! तीन वर्षं मी ज्या बोलण्याची वाट बघितली ते चालू झालं होतं आणि ऐकायला मी तिथे नव्हते. रडू यायला हवं होतं. मला आला राग, असा की कानशिलं गरम झाली. तो अख्खा रस्ता बोलत गेला आणि दरवाजाशी पोचल्यावर वळला.

तेव्हा मी एवढीशी दिसत असेन, वाळूत पिशवीशेजारी, कोणीतरी विसरून गेलेल्या गाठोड्यासारखी.

त्याने छत्री हलवली. मी हलले नाही. त्याने टाळ्या वाजवल्या असाव्यात, हात तसे दिसले. नावाने हाक मारायची पद्धत नव्हती ना, बायकोला बोलवायचं तर टाळी. कबुतर आहे जसं मी. मी खाली बसले.

कालवं काढणाऱ्या बायका टोपल्या डोक्यावर घेऊन भराभर किनाऱ्याकडे निघाल्या, तरी मला काही उमगलं नाही. कालची ती मासळी वाळवणारी कोळीण माझ्याजवळ आली. वयाने आईएवढी, दोन्ही हात खारट पांढरे झालेले. तिची बोली मला अर्धीच कळत होती, पण बोट दाखवल्यावर सगळं कळलं. किल्ल्याच्या दोन्ही अंगांनी पाणी आत येत होतं. आवाज नाही, घाई नाही, जशी गाय दावणीला परत येते तसं. तो उतरायला निघाला, घोट्याएवढ्या पाण्यात आला, मग गुडघ्याएवढ्या, मग धोतर वर धरून परत दरवाजाकडे पळाला.

ती म्हणाली, आता बाई तुझा माणूस रात्रीशिवाय चालत येत नाही. पंचमीला दुपारी पावणेचारला पाणी भरतं. मी विचारलं, तुला कसं माहीत? म्हणाली, तिथीची पाऊणपट करायची, जेवढे येतील तेवढे वाजता भरती. पाचाची पाऊणपट पावणेचार. ती शाळेत गेलेली नव्हती. आणि तिकडे बेटावर भूगोलाचे शिक्षक धोतर पिळत होते.

मला भीती वाटली का? वाटली. बुडणार नाही हे कळलं तशी गेली, आणि मग जे वाटलं ते या वयात लिहायला हरकत नाही: गार वाटलं. मी पिशवी उघडली. दशमी काढली, ठेचा काढला. कोळिणीलाही दिलं, तिने मला वाळलेले बोंबील भाजून दिले. फिरकीच्या तांब्यातलं पाणी दोघी प्यायलो. तो तिकडे उपाशी, तहानलेला, डोक्यावर छत्री धरून इकडे बघत उभा. मी त्याला दिसेल अशी बसून सावकाश जेवले. एक दशमी जास्तच खाल्ली.

पोट भरलं तशी माझी जीभ सुटली. तीन वर्षांचं रांगेने लावलेलं होतंच. नवऱ्यासाठी ठेवलेलं सगळं मी त्या परक्या बाईपुढे ओतलं: पाण्याचा तांब्या, टाच, दहा पावलं, सोबत चालू म्हणाला होता ते. ती मासळी उलटी-सुलटी करत ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली की काल संध्याकाळी तिने आम्हाला बघितलं होतं.

"तो तीनदा थांबला गो," ती म्हणाली. "तो थांबला का तू बी थांबतेस. मंग तो काय करेल?"

मी म्हटलं, खोटं. मग आठवायला लागले. ठसे मोडताना एकदोन ठिकाणी दोन्ही पावलं शेजारी शेजारी होती. उभ्या माणसाची. ती मी मोडली होती, बघितली नव्हती. तो थांबला की माझे पाय आपोआप थांबत होते, कोणी शिकवलं नव्हतं, किंवा इतकं शिकवलं होतं की शिकवल्याचं आठवत नव्हतं. तो बिचारा वाट बघायचा, मी मान खाली घालून दहा पावलांवर खांब व्हायची, मग तो निघायचा. अंतर तो पाडत होता, आणि राखत मी होते.

याने राग कमी झाला असं समजू नका. उलट आता दोघांचा राग आला, आणि त्याला तर मागे वळून एक शब्द बोलायला काय झालं होतं? तोंडात दशमी थोडीच होती.

तीनच्या सुमारास कोळिणीच्या नवऱ्याने होडी काढली. ती म्हणाली, तू बस इथेच, तो घेऊन येईल. मी म्हटलं, नाही, मी जाते. आयुष्यात पहिल्यांदा मी पदर खोचून, कोणाला न विचारता, परक्या माणसाच्या होडीत चढले. पोटातून या वेळी काही वर आलं नाही. रागाच्या पोटाला लाटा लागत नसाव्यात.

तो दरवाजाच्या पायरीवर बसला होता. ओठ वाळलेले, धोतर मिठाने ताठ. मी होडीतून उतरले. त्याचं पहिलं वाक्य काय असावं?

"दशमी आणली का?"

मी त्या दिवसाच्या दशम्यांचं फडकं काढून झटकलं. चार कण पडले. मग मी बोलले. मोठ्याने, दिवसाढवळ्या, होडीवाल्यादेखत.

"मी मांगं नाई येनार. सोबत चालत असान त होडीत बसा, नाई त राहा इथंच. चारी बाजूनं पानी आहे, शिकवा कोनाले शिकवाचं त."

तो उठून उभा राहिला. तोही तापला होता. इतका वेळ त्याने मला लांबून जेवताना बघितलं होतं.

"मी काल तीनदा थांबलो," तो म्हणाला. "तूच थांबून जाते. मी का तुले हाताले धरून ओढू?"

"मंग वळून बोलाचं होतं."

"तुले वर पाहाचं होतं."

असं आमचं पहिलं सलग बोलणं झालं, भांडण होतं ते. होडीवाला एवढंच म्हणाला की वारा फिरायच्या आत भांडा, आणि आम्ही होडीत बसून भांडलो. गणपतीचं दर्शन मी घेतलंच नाही. सासूबाईंना सांगितलेलं कारण तिथेच बुडालं.

दुसऱ्या दिवशी मुरुडला गेलो. राजपुरीला शिडाची होडी मिळाली, जंजिऱ्यावर उतरलो, आणि तिथे आम्ही सोबत चाललो. सोपं नव्हतं. त्याच्या टांगा लांब, दोन पावलांत तो पुढे जायचा आणि मग दचकून थांबायचा. मी थांबायची, मग जीभ चावून एक पाऊल टाकायची. शेवटी पिशवीचा एक बंद त्याने धरला, एक मी. तेव्हा कुठे पाय जुळले. तटावर तोफेपाशी बसलो, समोर सगळं पाणी. बोलायची इतकी वर्षांची इच्छा, आणि या शहाणीच्या तोंडून काय निघावं? "आपली म्हैस आटली असंन." रांग लावलेलं सगळं कोळिणीला देऊन बसले होते, आणि उरली होती म्हैस. तो मात्र म्हशीवर अर्धा तास बोलला, माझ्याकडे तोंड करून.

तिसरं बेट राहिलं. दशम्या संपल्या होत्या, त्यातली एक माझ्या हट्टाने.

अनसिंगच्या स्टँडवर आम्ही दुपारी उतरलो. पानठेल्यावर पाच-सहा माणसं, सगळी ओळखीची, एक तर चुलतसासरे. तो उतरला, दहा पावलं गेला आणि थांबला. वळून थांबला. मी पिशवी घेऊन उभी. त्याने वाट बघितली. पानठेल्यावरचे बोलणं थांबवून आमच्याकडे बघायला लागले. मला माहीत होतं काय करायचं ते, दहा पावलं टाकायची होती, बस.

तो सगळ्यांच्या देखत म्हणाला, "चाल ना. भरती येऊन राह्यली."

मी पदर पुढे ओढला आणि खाली बघत उभी राहिले.

होडीत चढलेली ती बाई कुठे गेली होती? चुलतसासऱ्याच्या एका खाकरण्याने आटून गेली होती. पन्नास वर्षं होत आली तरी त्या क्षणी तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो मला. तो दहा पावलं मागे आला, सगळ्यांसमोर माझ्या हातातली पिशवी घेतली, आणि पुन्हा वळून पुढे निघाला. मी त्याच्या मागे. रिकाम्या हातांनी मागे चालायला जास्त लाज वाटते, हे त्या दिवशी कळलं. हाताचं काय करायचं तेच सुचेना.

घरी सासूबाईंनी मुलाच्या हातात पिशवी बघितली आणि प्रसाद मागितला. तो माझ्याकडे बघून हसला, मी चुलीकडे पळाले. पुढचा आठवडाभर सासूबाई माझ्याशी वाकड्यात बोलत होत्या, तेही चांगलंच झालं, मला राग जपायला कोणीतरी मिळालं.

पुढच्या आठवडी बाजाराला मी नऊ पावलांवरून चालले. कोणाला कळलं नाही, त्यालाही नाही. एका पावलाने काय कळतं? पोळ्याच्या आसपास आठ केली. थोरलीच्या बारशाला सात होती. सासरे गेले त्या वर्षी चार. अशी चोरी करत करत मी त्याच्या शेजारी पोचले तेव्हा थोरलीला स्थळं बघणं चालू होतं आणि त्याच्या डोळ्याला चाळिशी लागली होती. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तू केव्हा आली?"

मी एक पाऊल त्याच्या पुढे टाकलं. इतका राग आला होता.